शेपूट

पहाटे साडेपाच, सात रस्ता.
अकरा गाड्या, एक चहाचा गाडा.
महानंदा कलशेट्टी वही उघडून हजेरी घेते,
शाळेतली सवय.
माझं नाव शेवटी येतं,
रस्त्यावरही मी शेवटीच.

माझी येझदी अठ्ठ्याऐंशी सालची.
साठच्या वर नेली की सासऱ्यांसारखी खोकते,
म्हणून मला शेपूट केलं.
“येमूल, तुम्ही मागं राहा. कुणी पडलं तर उचला.”
कुणी पडत नाही.
बारा वर्षांत मी उचलले
एक आरसा, दोन हातमोजे (दोन्ही डावे)
आणि तौफिक बागवानचा डबा,
आतली शेंगाचटणी शाबूत.

सगळ्यांच्या गळ्यात एकच नॅपकिन.
मीच विणून घेतला आमच्या मागावर,
काठात क्लबचं नाव: भीमा-सीना रायडर्स.
जकार्डचे पत्ते मारताना भोकं चुकली,
भीमाचा काना गळाला.
दोन डझन निघाल्यावर लक्षात आलं.
नवे विणतो म्हटलं तर महानंदा म्हणाली,
राहू द्या हो,
काना आपण रस्त्यात शोधू.

विजापूर रोडला ट्रकांचा धूर,
मग मंद्रूपच्या पुढं शाळू.
इकडं शाळू, तिकडं शाळू,
कणसांवर दव, कॉलरमधून आत शिरणारा वारा,
हेल्मेटच्या काचेवर एक चिलट
आणि चिलटाच्या मागं अख्खा सूर्य.

मागाच्या खडखडाटात कान गेले माझे.
इंजिन मी तळहातांनी ऐकतो.
पुढं काही दिसलं की पहिली गाडी हात वर करते,
तो हात गाडीगाडीनं मागं येतो.
माझ्यापर्यंत पोचतो
तोवर काळवीट निघून गेलेलं असतं.
गवत हलत असतं अजून.
तेवढं माझं.

माणसं मला पाठीनं माहीत.
बाजारात कुणी समोरून हाक मारली तर गोंधळतो,
तो वळून चालू लागला की ओळखतो.
तौफिकचा उजवा खांदा उतरता.
बिराजदार घरी भांडून आला की ताठ बसतो,
आणि तुळजापूरचा घाट चढेपर्यंत
हळूहळू त्याचा कणा सैल होतो,
हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

क्लबचा नियम एकच.
प्रत्येक फाट्यावर एकानं थांबायचं,
शेपूट दिसेपर्यंत.

गेल्या जानेवारीत माझी चेन तुटली.
आसपास ना गॅरेज, ना फोनला रेंज.
एका ट्रॅक्टरवाल्यानं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची कडी आणून दिली,
दगडानं ठोकून बसवली.
मनात म्हटलं, आता संगमावर
हुरडा खाऊन लवंडले असतील सगळे.
सरळ घरी जावं.
तरी गेलो पुढं. का, ते विचारू नका.

कुडल फाट्यावर बाभळीला सावली नव्हती,
म्हणून ती गाडीच्या सावलीत बसली होती.
भाग्यश्री म्हेत्रे. पहिलीच राइड.
मला तिचं नावही नीट आठवेना.
“किती वेळ झाला गं?”
“दोन तास दहा मिनिटं.”
“मग गेली का नाहीस?”
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं मीच नवा आहे.
“शेपूट आलं नव्हतं ना, काका.”

बाटलीत एक घोट उरला होता, कोमट.
तो तिनं मला दिला.
मग किक मारली.
तिची गाडी शंभरनं जाते,
त्या दिवशी पन्नासनं गेली.
गळ्यात काना नसलेला नॅपकिन,
गाठ मागं, चुकीची बांधलेली,
वाऱ्यानं सुटायला आलेली.
नवी पाठ.
सात किलोमीटरांत पाठ झाली.